खेळण्यातल्या जुन्या गाडीची उलटतपासणी

तळहातावर मावणारी एक लाल डबलडेकर बस. मॅचबॉक्स या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडच्या १ ते ७५ या मालिकेतली, ५ नंबरची, लंडनच्या रूटमास्टर बसवरून केलेली, १९६१ मध्ये आलेली. हिच्या दोन्ही अंगांवर जाहिरातीची एकेक पट्टी असते. पुष्कळ बसवर ‘व्हिस्को स्टॅटिक’ हे इंजिन ऑइल दिसतं, काहींवर ‘प्लेयर्स प्लीज’ ही सिगारेट आणि अगदी थोड्या बसवर ‘ड्रिंक पिअरड्रॅक्स’ हे नाशपातीच्या स्वादाचं पेय. साचा तोच, लाल रंग तोच. पण पिअरड्रॅक्सची पट्टी क्वचित सापडते, म्हणून तिला भाव.

मी घेतली ती पिअरड्रॅक्सचीच होती. घरी आणून भिंगाखाली धरली, तेव्हा पट्टीच्या मधोमध रंगाचा एक टवका उडालेला दिसला. टवका जुना होता. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, आतला धातू काळवंडलेला. आणि त्या खळग्यावरून पट्टी अखंड गेली होती. फाटलेली नाही, तडकलेली नाही, फक्त खळग्यात जराशी दबलेली. म्हणजे रंग आधी उडाला आणि जाहिरात नंतर लागली. मधे किती वर्षं गेली असतील कोण जाणे, पण कारखान्यात तरी हा क्रम शक्य नाही. बस अस्सल, पट्टी नवी, आणि मी पैसे मोजले होते ते पट्टीचे.

नवीन संग्राहक ‘गाडी खरी की खोटी’ असं विचारतो, तिथेच चुकतो. जुनी खेळण्यातली गाडी ही एक वस्तू नसते. धातूची बॉडी, खालचा बेस, ॲक्सल, चाकं, टायर, खिडक्या, रंग, डिकॅल म्हणजे वर लावलेलं चित्र किंवा जाहिरातीची पट्टी, आणि बॉक्स असा तो आठ-नऊ वस्तूंचा संसार असतो. त्यातली प्रत्येक वस्तू बदलता येते. साठ वर्षं एकत्र नांदलेल्या वस्तू एकसारख्या म्हाताऱ्या होतात. मधेच कोणी नवा आला असेल तर तो चेहऱ्यावरून ओळखू येतो. आपण शोधायचं ते एवढंच.

या सगळ्यांत डिकॅल हा सर्वांत कच्चा साक्षीदार. बदलायला ते सर्वांत सोपं, आणि बऱ्याचदा अख्खी किंमत त्याच्यावरच उभी असते. डिंकी या दुसऱ्या ब्रिटिश ब्रँडची १९३०च्या दशकातली एक छोटी डिलिव्हरी व्हॅन २००८ मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात जवळजवळ २० हजार पौंडांना गेली. त्या साच्याच्या व्हॅन इतर कितीतरी जाहिराती घेऊन निघाल्या होत्या. या व्हॅनवर मात्र ‘डब्ल्यू. ई. बॉइस’ या लंडनमधल्या सायकल दुकानाचं नाव होतं. चार-दोन ओळींच्या पातळ छपाईला एवढा पैसा मिळत असेल, तर ती छपाई पुन्हा करून बघण्याचा मोह कोणाला ना कोणाला होणारच.

डिकॅल म्हणजे नेमकं काय?

आपण सरसकट ‘स्टिकर’ म्हणतो, पण गाडीवर चित्र उमटवण्याच्या तीन वेगळ्या पद्धती आहेत आणि तिन्हींचा काळ वेगळा आहे.

पहिली पाण्यात भिजवायची. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक पातळ पापुद्रा आणि पापुद्र्यावर शाईचं चित्र. भिजवलं की डिंक सुटतो, चित्र पापुद्र्यासकट घसरत गाडीवर सरकवायचं, पाणी टिपून घ्यायचं, वाळू द्यायचं. डिंकी आणि मॅचबॉक्सच्या १९५० आणि ६०च्या दशकांतल्या व्हॅन, टँकर आणि बसवर बहुतेक हेच असतं. अशा डिकॅलला जाडी जवळपास नसतेच. बोट फिरवलं तर कडा हाताला लागत नाही. दुसरी पद्धत कागदी किंवा प्लास्टिकच्या चिकट लेबलची. ती १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फोफावली, कारण हाताने पाण्यात भिजवत बसण्यापेक्षा सोलून चिकटवणं झटपट. लेबलला जाडी असते, आणि जुन्या लेबलचे कोपरे वर वळलेले असतात. तिसरी टॅम्पो छपाई. कोरलेल्या पट्टीतली शाई सिलिकॉनच्या मऊ गोळ्याने उचलायची आणि तो गोळा गाडीवर दाबायचा. गोळा मऊ असल्याने बॉनेटच्या उंचवट्यावरही चित्र नीट बसतं. हॉट व्हील्सने १९७४ मध्ये ‘फ्लाइंग कलर्स’ या नावाने टॅम्पोच्या गाड्या काढल्या. टॅम्पोत पापुद्रा नाही, कागद नाही, शाई थेट रंगावर.

एवढं ठाऊक असलं तरी बराच खोटा माल दारातच अडवता येतो. पन्नासच्या दशकातल्या व्हॅनवर जाड चिकट लेबल दिसलं, किंवा ज्या गाडीला कारखान्यातून टॅम्पो होता तिच्यावर पापुद्र्याची कडा चमकली, की पुढचा तपास करायची गरज नाही.

एकाच गाडीच्या इतक्या तऱ्हा का?

कारखाना संग्राहकांसाठी चालत नव्हता, मुलांसाठी चालत होता. एका रंगाची चाकं संपली की दुसऱ्या रंगाची लावायची, जाहिरातदार बदलला की पट्टी बदलायची. मॅचबॉक्सच्या ६२ नंबरच्या टीव्ही दुरुस्ती व्हॅनवर ‘रेंटासेट’ असतं, तर काहींवर ‘रेडिओ रेंटल्स’. २५ नंबरचा बेडफर्ड टँकर एरवी बीपीच्या हिरव्या-पिवळ्या वेषात, पण जर्मन बाजारासाठी तोच ‘अराल’च्या निळ्या-पांढऱ्या रंगात निघाला. ४६ नंबरची सामान हलवणारी ‘पिकफर्ड्स’ व्हॅन एका डिपार्टमेंट स्टोअरसाठी ‘बील्स बीलसन्स’ नावाने बदामी रंगात बनली. डिंकीची ‘गाय’ (Guy) कंपनीच्या ट्रकवरून केलेली मोठी व्हॅन घ्या. ‘स्लंबरलँड’, ‘लायन्स’, ‘वीटाबिक्स’, ‘स्प्रॅट्स’ अशी नावं एकापाठोपाठ तिच्या अंगावर आली. त्यात वीटाबिक्सवाली सगळ्यांना हवी असते.

हे फरक खरे, कारण त्यांच्यामागे बाजार होता, करार होता, दुसरा देश होता. पण आणखी एक जात आहे. उलटं लागलेलं डिकॅल, एकाच अंगाला लागलेलं डिकॅल, मुळीच न लागलेलं डिकॅल. विक्रेते त्याला ‘फॅक्टरी एरर’ म्हणतात आणि जादा पैसे मागतात. चुका होत होत्या हे खरंच, हाताचं काम होतं. पण माझं स्पष्ट मत असं की अशा चुकीला जादा पैसे देऊच नयेत. बनवायला इतकी सोपी चूक दुसरी नाही. कोमट पाणी आणि ओला कापूस, दहा मिनिटांत ‘डिकॅल नसलेली दुर्मीळ आवृत्ती’ तयार.

ती पकडताही येते. पट्टीने झाकलेला रंग ऊन, हवा आणि हाताचा घाम यांपासून वाचलेला असतो, त्यामुळे पट्टी काढली की भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर दिसावा तसा गडद चौकोन उरतो. गाडी खिडकीपाशी नेऊन प्रकाशात तिरकी धरा. आपल्याला तो चौकोन दिसला नाही तर यूव्ही टॉर्च मारून पाहा. डिंकाचा उरलासुरला थर बऱ्याचदा त्या उजेडात वेगळा दिसतो.

उन्हाचं आणखी एक सोंग. महिनोन् महिने खिडकीत राहिलेली गाडी रंग बदलते आणि कोणीतरी ती ‘कधीच न पाहिलेला शेड’ म्हणून विकायला काढतं. गाडी उलटी करून बॉडीच्या आतल्या बाजूचा, जिथे ऊन पोचत नाही तिथला रंग पाहा. आत एक आणि बाहेर दुसरा असेल तर तो शेड सूर्याने दिलेला आहे.

आधी पोट, मग चेहरा

म्हणूनच गाडी हातात आली की आधी ती पालथी करावी. डिकॅल शेवटी पाहायचं. चेहरा आधी पाहिला की माणूस प्रेमात पडतो आणि मग पुढचं काही दिसत नाही.

बेसवर अक्षरं असतात ती वाचा, पण सनावर आंधळा विश्वास नको. हॉट व्हील्सच्या बेसवरचा सन हा त्या डिझाइनच्या कॉपीराइटचा असतो, ती गाडी कारखान्यातून निघाली त्या वर्षाचा नव्हे. त्यामुळे ‘१९६९’ कोरलेली गाडी कितीतरी नंतरची असू शकते. ‘पन्नास वर्षं जुनी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हा घोळ रोजचा. त्यापेक्षा चाकं पाहा. हॉट व्हील्स १९६८ मध्ये सोळा गाड्या घेऊन बाजारात आली, तेव्हा टायरवर बारीक लाल रेघ होती. ती १९७७च्या सुमारास गेली. या गाड्यांना संग्राहक ‘रेडलाइन’च म्हणतात.

मॅचबॉक्समध्ये कंपनीचं नाव कामाला येतं. मॅचबॉक्स बनवणारी लेस्नी कंपनी लंडनमध्ये १९४७ साली सुरू झाली आणि १९८२ मध्ये बुडाली. मालक बदलले तसं बेसवरचं ‘लेस्नी’ हे नावही गेलं. चाकांची वंशावळही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी धातूची, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळ्या प्लास्टिकची, मधे काही गाड्यांना चंदेरी प्लास्टिकची. १९६९ पासून हॉट व्हील्सला टक्कर देणारी बारीक ॲक्सलची, भन्नाट पळणारी ‘सुपरफास्ट’ चाकं. जुन्या गाड्यांत ॲक्सलचं टोकही बोलतं. सुरुवातीच्या काळात ते चिमटून चपटं केलेलं असे, नंतर गोल डोक्याचं झालं. चपट्या टोकाच्या काळातल्या गाडीला गोल डोक्याचा चकचकीत ॲक्सल असेल, तर चाकं कोणीतरी उतरवली होती.

मग रिव्हेट. बॉडीच्या आतला खांब बेसच्या भोकातून बाहेर काढून त्याचं टोक दाबून पसरवलेलं असतं, छत्रीसारखं. गाडी रंगवायची किंवा चाकं बदलायची तर ते टोक ड्रिलने उडवावं लागतं. नंतर तिथे स्क्रू येतो, नाहीतर गोंद, नाहीतर नवं डोकं. अस्सल रिव्हेटचा रंग आणि मळ शेजारच्या धातूसारखाच असतो. उघडलेल्या गाडीच्या रिव्हेटभोवती चकाकणारी कडी, गोल ओरखडे किंवा मधे खड्डा दिसतो. मी नवशिक्यांना एकच गोष्ट शिकवायची असेल तर रिव्हेट पाहायला शिकवेन. डिकॅलच्या शंभर खुणा पाठ करण्यापेक्षा ते जास्त पैसे वाचवतं.

रंगकाम ओळखायला दारांच्या रेघा पाहा. नव्या रंगाचा थर जाड बसला की दाराची फट, ग्रिलच्या जाळ्या, बॉनेटवरचा बिल्ला हे सगळं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं गुळगुळीत होतं. हॉट व्हील्सच्या पहिल्या गाड्यांचा ‘स्पेक्ट्राफ्लेम’ रंग मात्र खास. बॉडी आधी चकाकती करून त्यावर रंगीत काचेसारखा पारदर्शक थर दिलेला असतो. आजही तसे रंग मिळतात आणि टवके उडालेल्या गाड्या सोलून पुन्हा रंगवल्या जातात. तिथे परत रिव्हेटकडेच जावं लागतं.

अख्खी बॉडीच नकली असणं त्या मानाने कमी, पण होतं. अस्सल गाडीवरून रबराचा साचा घेऊन त्यात मऊ मिश्रधातू किंवा रेझिन ओतायचं. ओतलेला धातू निवताना आकसतो, त्यामुळे नक्कल अस्सलपेक्षा किंचित लहान भरते. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरला कळतं. शेजारी खात्रीची गाडी हवी, एवढंच. रेझिन हलकं असतं आणि हाताला धातूसारखं गार लागत नाही.

काही नकलांत नक्कल नसतेच, हेही सांगायला हवं. डिंकीचे काही जुने साचे इंग्लंडहून कलकत्त्याला गेले आणि तिथे ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघाल्या. साचा अस्सल, कारखाना निराळा. आज त्यांचेही संग्राहक आहेत. आणि अलीकडच्या काळात जुन्या डिंकीच्या हुबेहूब प्रती बॉक्ससकट, परवानगीने, मालिका म्हणून निघाल्या. त्या काढणाऱ्यांनी फसवलं नाही. फसवतो तो, जो बॉक्सवरची बारीक अक्षरं न दाखवता फोटो टाकतो.

भिंगाखाली

आता डिकॅल. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. जुन्या छपाईत प्रत्येक रंगाची शाई वेगळी घातलेली असते. लाल अक्षर म्हणजे सलग लाल, कडा स्वच्छ. आजचं नकली डिकॅल बहुतेक वेळा अस्सलचा स्कॅन घेऊन प्रिंटरवर काढलेलं असतं. प्रिंटर लाल रंग थेंबाथेंबांनी रचतो. भिंगाखाली अक्षराची कड ठिपक्यांत फुटते, त्यात गुलाबी आणि पिवळे कण दिसतात. बॉक्सवरच्या चित्रात मात्र ठिपके जुन्या काळीही असत, म्हणून तिथे चित्र सोडून अक्षरं तपासायची.

पांढरा रंग ही नकलाकाराची डोकेदुखी. साध्या घरगुती प्रिंटरला पांढरी शाई नसते, तो कागदाचा पांढरेपणा वापरतो. हिरव्या व्हॅनवर पांढरी अक्षरं हवी असतील तर एकतर पांढऱ्या पापुद्र्यावर हिरवा छापून ते चिकटवावं लागतं, आणि मग तो हिरवा गाडीच्या हिरव्याशी जुळत नाही. नाहीतर अक्षरांभोवती पांढरी कड राहते. पारदर्शक पापुद्र्यावर पिवळं छापलं तर खालचा गडद रंग वर डोकावतो आणि पिवळा मळका दिसतो. चांगले कारागीर स्क्रीनप्रिंटने डिकॅल बनवतात, त्यांना यातलं काहीच लागू होत नाही. अशा वेळी वयाकडे वळायचं.

जुना पापुद्रा पिवळसर होतो, ठिसूळ होतो, त्यात केसासारख्या भेगा पडतात. त्याच्यावरचे ओरखडे शेजारच्या रंगावरही पुढे चालू राहतात, कारण गाडी जमिनीवर घासली तेव्हा दोघंही एकदमच घासले. छताच्या कडा झिजलेल्या, चाकं वाकडी आणि डिकॅल मात्र कालच लावल्यासारखं, हे चित्र संशयाचं. उलट दिशेने, मुद्दाम खरवडून जुनं केलेलं डिकॅलही ओळखू येतं, कारण ते भलत्याच ठिकाणी झिजलेलं असतं. मूल गाडी छताला आणि दोन्ही बाजूंना धरतं, भिंतीवर कोपऱ्याने आपटतं. झीज तिथे हवी.

यूव्ही टॉर्चबद्दल जरा जपून. आधुनिक कागदात उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती त्या उजेडात निळसर पांढरी पेटतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकीचा बॉक्स किंवा त्यावरचं लेबल असं पेटलं तर प्रश्नच मिटला. पण अशी रसायनं १९५०च्या दशकापासून कागदात येऊ लागली, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतला अस्सल कागदही पेटू शकतो. टॉर्च युद्धाआधीच्या मालाला उपयोगी, पुढच्याला नुसती सूचना.

त्या काळच्या डिंकीत आणखी एक गोष्ट नकलाकाराला सहज जमत नाही, ती म्हणजे धातूचा रोग. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली तर धातू आतून फुगतो, तडकतो, वाकतो आणि शेवटी भुगा होतो. यावर इलाज नाही. त्यामुळे युद्धाआधीच्या गाडीवर बारीक तडे दिसले तर वय पटतं, आणि त्याच कारणाने ती किती वर्षं टिकेल हा प्रश्नही उभा राहतो.

बदललेलं म्हणजे खोटं का?

संग्राहकांनी यासाठी एक सोपी विभागणी केली आहे. कोड १ म्हणजे कारखान्यातून आली तशी. कोड २ म्हणजे बाहेर कोणीतरी बदलली, पण कंपनीच्या परवानगीने. कोड ३ म्हणजे परवानगीशिवाय बदललेली. कोड ३ हा गुन्हा नाही. कित्येक जण हौसेने गाडीवर आपल्या आवडीचं डिकॅल लावतात. घोटाळा होतो तो कोड ३ची गाडी दोन-तीन हात फिरून कोड १ म्हणून पुढे जाते तेव्हा.

सुट्या भागांचंही तसंच. कॉर्गी या आणखी एका ब्रिटिश ब्रँडची जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन १९६५ मध्ये आली. छत उघडून ड्रायव्हरशेजारचा माणूस उडवणारी. तो इवलासा माणूस हजारो मुलांनी हरवला, त्यामुळे आज त्याची नक्कल सहज मिळते. १९६६च्या बॅटमोबाइलची चिमुकली क्षेपणास्त्रंही तशीच. कडक होऊन तडकलेल्या टायरच्या जागी नवे मऊ टायर घातले तर मला त्यात गैर वाटत नाही. नवे टायर काळेभोर, लवचीक असतात आणि एका बाजूला चपटे झालेले नसतात, ते लपतही नाही. विकणाऱ्याने सांगितलं की झालं. न सांगता ‘पूर्ण अस्सल’ म्हटलं की मात्र मी त्याच्याकडून दुसरी वस्तूही घेत नाही.

घेण्याआधी फोटो मागायचे तर बेसचा, दोन्ही रिव्हेटचा, ॲक्सलच्या टोकांचा आणि डिकॅलच्या कडेचा तिरक्या उजेडातला मागावा. समोरून काढलेले दहा सुंदर फोटो उपयोगाचे नाहीत. बेसचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

माझी पिअरड्रॅक्सची बस अजून फळीवर आहे. पट्टी काढून टाकावी असं एकदा वाटलं होतं. पाण्याची वाटीही समोर घेऊन बसलो होतो, पण खालचा रंग आणखी उडाला असता. शेवटी कागदाची बारीक चिठ्ठी कापली, ‘बस मूळ, पट्टी नंतरची’ असं लिहिलं आणि घडी करून बेसला दोऱ्याने बांधून ठेवली. बस पुढे ज्याच्या हाती जाईल, तो आधी तिला उलटी करील अशी आशा आहे.